प्रवरा खोरे

प्रवरा खोरे : अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात सह्याद्रीच्या माथ्यापासून गोदावरीच्या काठापर्यंत पसरलेला आणि प्रवरा नदी व तिच्या उपनद्या यांच्या पाण्यावर पोसलेला प्रदेश. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर व नेवासे या तालुक्यांचा कमीअधिक भाग त्यात येतो. नदीची लांबी सु. २०० किमी. असून उगमापासून संगमापर्यंतचा तिचा जवळजवळ सारा प्रवाह याच जिल्ह्यात आहे. असे असूनही मुलकी कारभारात या खोऱ्याला स्वतंत्र घटकाचे स्थान नाही. जमिनीच्या दप्तराने त्याचे तुकडे पाडले आणि पाण्याच्या दप्तराने ते पुन्हा एकत्र बांधले, असा त्याच्या अर्वाचीन इतिहासाचा सारांश सांगता येईल.

भूवर्णन : प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) आणि दक्षिणेस हरिश्चंद्रगड यांच्या दरम्यानचा हा डोंगराळ मुलूख घाटघर, रतनवाडी, राजूर अशा गावांतून विखुरला असून महादेव कोळी व ठाकर या जमाती तेथे भात, नागली व वरई पिकवितात. रंधा येथे नदी खोल घळीत उडी घेते. तेथून अकोले व संगमनेरकडे वळल्यावर आढळा व म्हाळुंगी या उपनद्या तिला मिळतात. म्हाळुंगीचा काही प्रवाह नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातून येतो. हरिश्चंद्रगडाकडून निघालेली मुळा ही सर्वांत मोठी उपनदी दीर्घ अंतर समांतर वाहून नेवाशाजवळ प्रवरेस मिळते आणि पुढे टोके–प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीत विलीन होते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असता पूर्वेकडे तो जेमतेम पाचसहाशे मिलिमीटरांवर येतो. आणि शेतीस योग्य अशी खोल, काळी, कसदार जमीन नेमकी या अवर्षणाच्या टापूतच आहे. पाणी एकीकडे आणि जमीन दुसरीकडे, या निसर्गाच्या वाटणीतूनच येथील पुढचा सारा कारभार उद्भवला.

इतिहास : नदीकाठची वस्ती अतिप्राचीन आहे. नेवासे येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४–५६ मध्ये केलेल्या उत्खननात अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर उजेडात आले. त्याआधी १९५०–५१ मध्ये संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन झाले आणि दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकरी संस्कृतीस त्याच गावाचे नाव मिळाले. दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेले रथ, हत्ती, गेंडा व रेडा यांचे भरीव ब्राँझचे पुतळे त्या काळातील धातुकामाचे अपूर्व नमुने होत. सातवाहनकाळी हा टापू गोदावरीकाठच्या पैठणच्या व्यापारी प्रभावक्षेत्रात होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील नाविक ग्रंथात पैठणचा उल्लेख आहे आणि नेवाशाच्या उत्खननात भूमध्यसागरी मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. यावरून समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या काठाचाही यवन व्यापाराशी संबंध होता, हे दिसते.

यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ (इ. स. १०००) चा ताम्रपट संगमनेर येथे सापडला आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. निजामशाहीच्या पडत्या काळात, १६३२–३३ च्या सुमारास, शहाजीराजांनी पेमगिरी किल्ल्यावर एका अल्पवयीन निजामशाही वारसास गादीवर बसवून त्याच्या नावे कारभार चालविला. १६३६ मध्ये ती शाही संपुष्टात आली. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजीमहाराजांनी अकोल्याच्या उत्तरेस पट्टा किल्ल्याचा आश्रय घेतला होता. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर कोळी नाइकांचे किल्ल्यांच्या राखणीचे हक्क व उत्पन्ने कमी होऊन डोंगरी भागात असंतोष माजला; देवगावचे राघोजी भांगरे यांनी त्या उठावाचे नेतृत्व केले आणि १८४८ मध्ये ठाणे येथे त्यांना फाशी देण्यात आली.

मुलकी कारभार : मलिक अंबरने (मृ. १६२६) इजाऱ्याची पद्धत मोडून जमिनीची प्रत पाहून धारा ठरविण्याचा पायंडा निजामशाही मुलखात पाडला. मोगली अंमलात संगमनेर हे सरकारचे ठाणे असून परगण्यांचा वसूल तेथे जमा होई. १८१८ नंतर हा प्रदेश अहमदनगरच्या कलेक्टरीत आला. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा करण्यात आला तेव्हाही अकोले तालुका नगरकडेच राहिला आणि त्यामुळे नदीचा उगम व संगम एकाच जिल्ह्यात उरले. १९९९ मध्ये राहाता तालुका नव्याने निर्माण झाला. महसुली कारभार तहसीलदार व प्रांताधिकारी यांच्यामार्फत, तर ग्रामविकासाचा कारभार १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समित्या यांच्यामार्फत चालतो. लोकसभेच्या बाबतीत खोऱ्याचा बहुतेक भाग शिर्डी मतदारसंघात, तर राहुरीचा भाग नगर मतदारसंघात मोडतो.

पाण्याचा कारभार : संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावरून प्रवरेचे डावा व उजवा हे कालवे निघतात. त्यांना बारमाही पाणी पुरविण्यासाठी भंडारदरा येथे बांधलेल्या धरणाचे उद्घाटन १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. सु. ११ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या धरणामुळे बेलापूर–श्रीरामपूर भागातील कोरडवाहू जमीन उसाखाली आली. प्रारंभी साखर कारखानदारी खाजगी भांडवलाच्या हाती होती. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांचे भागभांडवल उभे करून लोणी येथे काढलेला सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि राज्यातील सहकारी साखर उद्योगास तो आदर्श ठरला. पुढे मुळेवर बारागाव नांदूर येथे मोठे धरण झाले. भंडारदऱ्याच्या खाली बांधलेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्यात दीर्घ प्रतीक्षेनंतर २०२३ मध्ये पाणी सुटले.

कालव्यांचे आवर्तन केव्हा व किती दिवस सोडावयाचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. शेतकरी नमुना नं. ७ भरून पाण्याची मागणी नोंदवितो आणि चारीवरील पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देतो. शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी न पोहोचणे, ही या व्यवस्थेविषयीची जुनी तक्रार होय. १९७६ मध्ये संगमाच्या खाली गोदावरीवर पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाल्यानंतर पाणीवाटपाचा हा प्रश्न जिल्ह्याबाहेर गेला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या अधिनियमाने खोऱ्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले असून, १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपर्यंत न पोहोचल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. तुटीच्या वर्षी नगर व मराठवाडा यांच्यात उद्भवणारा वाद न्यायालयापर्यंत जातो. आणि तालुक्यातालुक्यांत पाण्यासाठी भांडणारे हे खोरे तेवढ्यापुरते एका पक्षकारासारखे उभे राहते.