तळटीप : ‘तरंगते ठाणे’ या शब्दाविषयी

मूळ मजकुरात ‘दक्षिण गंगोत्री’ या भारताच्या अंटार्क्टिकावरील पहिल्या ठाण्याला ‘तरंगते ठाणे’ म्हटले आहे, ते जाणकारांना खटकेल. त्यांच्या लेखी तरंगते ठाणे म्हणजे सोव्हिएत संशोधक पापानिन आणि त्यांच्या तिघा सोबत्यांचे. १९३७ साली उत्तर ध्रुवाजवळच्या हिमतुकड्यावर उतरून ते २७४ दिवसांत ग्रीनलंडच्या समुद्रात वाहत आले. दक्षिण गंगोत्री तशी वाहिली नाही, हे खरेच. तरी शब्द चुकीचा नाही. १९८३-८४मध्ये ती उभी राहिली ती अंटार्क्टिकाच्या काठाला समुद्रावर पसरलेल्या हिमपट्ट्यावर. हा पट्टा जमिनीला चिकटलेला असला तरी खाली पाणीच असते आणि तो हळूहळू समुद्राकडे सरकतो. ठाण्याचा घात मात्र वाहण्याने नव्हे, साचण्याने केला. वाऱ्याबरोबर उडणारा बर्फ भिंतीला अडतो, आडोशाला त्याचा ढीग होतो, ढिगावर ढीग चढतो. काही वर्षांतच ठाणे गाडले गेले आणि १९९०मध्ये सोडावे लागले. पुढचे ‘मैत्री’ म्हणूनच शिर्माकर टापूतल्या खडकावर, पोलादी पायांवर उचलून बांधले, की वारा बर्फासकट खालून निघून जावा. ते काम भोसरीशेजारच्या दिघीतील आर अँड डी ई (इंजिनिअर्स) या संरक्षण संशोधन संस्थेचे. तिची ओळख लष्करी पुलांसाठी. घर पायांवर उभे करणे तिला अवघड वाटले नसावे.