आवाज कुठवर आला?

पांझरेचा पूल ओलांडून जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेस आले म्हणजे देवपूर लागते. दक्षिण तीरावरचे धुळे हे 1819 नंतर कॅप्टन ब्रिग्ज याने सरळ रेषांत आखून वसविलेले, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांचे नगर. देवपूर मात्र एकवीरादेवीच्या आश्रयाने आपल्या गतीने वाढले आणि महाविद्यालये आल्यावर विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांनी भरून गेले. मुक्या झालेल्या यंत्राला पुन्हा बोलते करणाऱ्या कारागिराचा जो व्यवसाय मी या वस्तीत लहानपणापासून पाहत आलो, त्याची नोंद करण्याचे कोणत्याही दप्तराला कारण पडले नाही, म्हणून ती येथे करून ठेवतो.

इतिहासाचार्य राजवाडे यांचे धुळ्यात निधन झाल्यावर त्यांच्या कागदपत्रांच्या रक्षणासाठी संशोधन मंडळ स्थापन झाले ते 1927 साली, आणि त्याच वर्षी 23 जुलै रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. लिखित शब्द जपण्याची आणि उच्चारित शब्द दूर पोहोचविण्याची अशा दोन खटपटी आपल्या प्रांतात एकाच वर्षी आरंभिल्या गेल्या, तरी दुसरीचा लाभ धुळ्यास तत्काळ झाला असे नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली, तेव्हा तो आवाज टिकवावयास साने गुरुजींच्या लेखणीवाचून दुसरे साधन नव्हते. ती प्रवचने आज आपल्या हाती आहेत ती केवळ एका मनुष्याने बोलण्याच्या वेगाने लिहिले म्हणून, आणि या गोष्टीचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

रेडिओ घरी आला तो परवान्यासह. आरंभी या परवान्याची वार्षिक फी 10 रुपये होती. पुढे 1933 च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरला. पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून मुदत संपण्यापूर्वी परवान्याचे पुस्तक नवे करून घेणे, आणि ते घरातील सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत पेटीत ठेवणे, हा गृहस्थाश्रमाचा एक भागच होऊन बसला होता. घरगुती रेडिओवरचे हे बंधन 1980 नंतरच्या दशकात उठले.

धुळ्याहून मुंबई सुमारे तीनशे किलोमीटर दूर. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युद्भारित थर मध्यम लहरी गिळून टाकतो आणि सूर्यास्तानंतर तो विरळ झाला म्हणजे त्याच लहरी वरच्या थरावर आदळून दूरवर उतरतात. त्यामुळे दुपारी केवळ खरखर ऐकविणारा संच रात्री स्वच्छ गाऊ लागे, आणि ज्यास हे ठाऊक नसे तो गृहस्थ भर दुपारी संच डोक्यावर घेऊन दुकानी येऊन "रेडिओ बोलस नही" अशी अहिराणीत तक्रार गुदरी. कारागीर संच ठेवून घेई, दिवेलागणीस लावून दाखवी, आणि पैसे घेत नसे.

खरा बिघाड असला तर मात्र त्याची रीत पाहण्यासारखी होती. पाठीमागचा पुठ्ठा काढल्यावर तो आधी हात लावीत नसे. व्हॉल्वांच्या तारा नारिंगी तापल्या आहेत की नाहीत ते पाही, आणि नाक जवळ नेऊन जळलेल्या रेझिस्टन्सचा वास घेई. अशा कित्येक संचांची लोखंडी बैठक थेट विजेच्या तारेशी जोडलेली असल्यामुळे त्याचा डावा हात सदैव पाठीशी असे. उजव्या हाताने तो स्क्रूड्रायव्हरचे टोक व्हॉल्यूमच्या मधल्या खुंटीला टेकवी. कर्ण्यातून गुर्र असा घोष निघाला म्हणजे तेथून कर्ण्यापर्यंतचा मार्ग शाबूत, सबब दोष अलीकडे, एरियलच्या बाजूस. घोष न निघाला तर दोष पलीकडे. मग एकेक टप्पा मागे सरकत तो स्वतःशीच पुटपुटे, "आवाज कुठवर आला?" संशय कोणावर घ्यावयाचा हे ठरविण्यापूर्वी निर्दोष कोण ते निश्चित करावयाचे, असा तो शोध चाले, आणि त्याने अंदाजाने एखादा भाग बदलल्याचे मला आठवत नाही.

पुढे ट्रान्झिस्टर आला, 1976 साली आकाशवाणीचे जळगाव केंद्र सुरू झाल्यामुळे खानदेशास जवळचा आवाज मिळाला, आणि कॅसेटबरोबर स्टिरिओ ध्वनी घरोघर शिरला. ब्रिटनमध्ये ॲलन ब्लमलाइन याने 1931 सालीच ज्याचे पेटंट मागितले होते ते हे द्विकर्णी ध्वनीचे तत्त्व देवपुरात मात्र "एका साइडचा आवाज गेला" या नव्या तक्रारीच्या रूपाने प्रथम अवतरले.

संगणकाच्या आगमनाने व्यवसायाचे स्वरूप पालटले, कारण आता दोष वासाने किंवा रंगाने ओळखता येईना. पेशवाईत प्रत्येक दरबारी जसा वकील ठेवलेला असे व त्याच्यामार्फतच बोलणी होत, तद्वत संगणकाच्या दरबारी प्रत्येक यंत्राचा एक वकील असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. यंत्र उत्तम असून वकील गैरहजर असला, किंवा जुन्या राजवटीची भाषा बोलणारा असला, तर कामकाज ठप्प होते. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत 1994 मध्ये ज्याच्या कामास आरंभ झाला ते ब्लूटूथ दहाव्या शतकातील एका डॅनिश राजाचे नाव धारण करून आले, तेव्हा नेमके हेच घडले. विंडोज एक्सपीच्या 2004 मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ब्लूटूथशी ओळख झाली, तरी स्टिरिओ ध्वनीची तजवीज तीत नव्हती. ती खुद्द प्रणालीत 2012 च्या विंडोज 8 मध्ये आली. मधल्या काळात सर्व भिस्त संगणकात खोचावयाच्या ब्लूटूथ रिसीव्हरसोबत मिळणाऱ्या सीडीवर असे, आणि ती हरवली की हेडफोन जोडला जाई परंतु गात नसे. भारत सरकारने 2005 च्या जानेवारीत 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला होता; ज्या 1933 च्या कायद्याने आजोबांस पोस्टात उभे केले, त्याच कायद्याखालील सवलतीने नातू विनापरवाना बिनतारी यंत्र कानात घालून हिंडू लागला.

गतवर्षी अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन दुकानी आला तेव्हा मी तेथे बसलो होतो. गाणे चांगले ऐकू येते, परंतु तासिकेची ऑनलाइन बैठक सुरू होताच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, दोन्ही कानांत एकसारखाच, अशी त्याची तक्रार. त्याने ड्रायव्हर तीनदा काढून घातला होता. दुकानी आता जुन्या कारागिराचा मुलगा बसतो. त्याने प्रथम आवाजाच्या पडद्यावरील हिरवी पट्टी पाहिली: ती हालत होती, म्हणजे संगणकाच्या आत आवाज शाबूत. मग त्याने यादी दाखविली. एकाच हेडफोनची तीत दोन नावे होती, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. स्टिरिओचा मार्ग एकेरी आहे, त्यातून ध्वनी जातो, परत येत नाही. म्हणून हेडफोनचा माइक मागताच संगणक तो मार्ग सोडून टेलिफोनी संभाषणासाठी बांधलेल्या दुसऱ्या, अरुंद मार्गावर उतरतो, जेथे ध्वनी एकपदरी व त्याचे नमुने सेकंदाला 8 किंवा 16 हजारच घेतले जातात. बिघाड मुळी कोठेच नव्हता. माइक लॅपटॉपचा निवडून दिला, ऐकण्यास स्टिरिओ ठेवले, आणि गाणे पूर्ववत दोन्ही कानांत पसरले.

त्याच संध्याकाळी दुसरा संगणक आला, त्याचा आवाज मात्र तुटत होता. हिरवी पट्टी अखंड हालत होती. अर्थात दोष पलीकडे, हवेत. ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा 79 वाटांपैकी एकीवरून दुसरीवर उडी घेते ते गर्दी चुकविण्यासाठीच, परंतु पाठीमागे यूएसबी 3 च्या डिस्कशेजारी रिसीव्हर खोचला असला तर तेथील गोंगाट त्याच पट्ट्यात पसरतो व उडी मारून जावयास मोकळी वाट उरत नाही. मुलाने खणातून हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर काढली, रिसीव्हर तिच्या टोकास लावून टेबलावर दूर सरकवला, आणि कान हेडफोनला लावून, डावा हात पाठीशी घेऊन, ऐकत उभा राहिला.