संघ म्हणजे नेमकं काय? सायकल शर्यतीच्या एका नियमाची सव्वाशे वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा इअरफोन नेहमीसारखा एकाच कानात वाजतो, त्यांच्यासाठी हा भाग शेलूबाजारहून लिहून देतोय.

आज एक साधा प्रश्न घेतो. समजा आपल्या गावातल्या चार पोरांनी गिअरच्या सायकली काढल्या, पांदण रस्त्यानं वावरांमधून लांब पल्ल्याची शर्यत ठेवली आणि ती संघांची ठेवली. एका संघातला एक जण सुसाट पोचला, दुसरा अर्ध्या तासानं धापा टाकत आला. आता वेळ कोणाची धरायची? पहिल्याची, दुसऱ्याची, की दोघांची सरासरी? आणि मागचा वाटेत पडला असेल तर पुढच्यानं थांबायचं की नाही?

हा नुसता हिशोबाचा प्रश्न वाटतो, पण तसा नाही. ज्याची वेळ तुम्ही धरता, त्याच्याकडे सगळा संघ लक्ष देतो. म्हणून मला वाटतं, संघ कसा वागेल हे आधी नियम ठरवतो, मैत्री नंतर येते. हे लोकांना कळलं कसं, ते पाहायला आपल्याला एकोणिसाव्या शतकात जावं लागेल.

१८७८ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये डेव्हिड स्टँटन नावाच्या माणसानं पैज घेतली, की सहा दिवसांत १,००० मैल सायकल चालवून दाखवतो. आणि दाखवली. सहाच दिवस का? तर रविवार देवाचा, त्या दिवशी खेळ नाही. यातून ‘सिक्स डे’ शर्यत जन्माला आली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिनं भलतंच रूप घेतलं. एकट्यानं सहा दिवस, सहा रात्री गोल गोल फिरायचं. झोपायचं तर खुशाल झोपा, पण घड्याळ थांबणार नाही. तुम्ही डोळा मिटला की दुसरा पुढे गेला.

डिसेंबर १८९६ मधली शर्यत बघा. त्यात मेजर टेलर नावाचा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा उतरला होता. व्यावसायिक म्हणून त्याची ही सुरुवातच होती. पुढे १८९९ मध्ये तो जगज्जेता झाला. या सहा दिवसांत त्यानं १,७३२ मैल, म्हणजे जवळपास २,८०० किलोमीटर कापले आणि आठवा आला. पण शेवटी शेवटी त्याला भास व्हायला लागले. हातात सुरा घेऊन एक माणूस माझ्या मागे लागलाय, असं तो म्हणत होता. ट्रॅकवर असं कोणीच नव्हतं. आणि खेदाची गोष्ट अशी, की गर्दीतले बरेच लोक पैसे देऊन हेच बघायला येत होते. कोण पडतो, कोण बरळतो, कोण झोपेतच सायकल चालवतो.

वर्तमानपत्रांनी यावर झोड उठवली. १८९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला, की कुठल्याही स्पर्धकानं २४ तासांत १२ तासांपेक्षा जास्त सायकल चालवायची नाही. आता आयोजकांपुढे पेच. शर्यत २४ तास चालली नाही तर रात्रीची तिकिटं कोण घेणार? मग त्यांनी डोकं लावलं. दोघांची जोडी करा. एक ट्रॅकवर, दुसरा आरामात. माणूस १२ तासच चालवणार, शर्यत मात्र २४ तास चालणार. कायदाही खूश आणि तिकीटबारीही खूश.

म्हणजे सायकलच्या शर्यतीतली ही जोडी दयेतून आली नाही, मैत्रीतूनही नाही. ती कायद्यातून काढलेली वाट होती. पण निकाल काय लागला? चार्ली मिलर हा एकट्यानं चालवणाऱ्यांतला सगळ्यांत तगडा गडी. त्यानं १८९७ मध्ये एकट्यानं साधारण २,०९० मैल कापले होते. १८९९ मध्ये तोच मिलर फ्रँक वॉलरसोबत जोडीनं उतरला, तेव्हा दोघांचं अंतर २,७०० मैलांच्या वर गेलं. वेगही वाढला, गर्दीही वाढली. आणि प्रत्येकाला अर्धा दिवस विश्रांती मिळाली ती वेगळीच. या प्रकाराचं नावच पुढे ‘मॅडिसन’ पडलं. सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅडिसन आली आणि टोकियोत महिलांचीही झाली. जोडीदार एकमेकांचा हात धरून दुसऱ्याला पुढे भिरकावतात, तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. ते रील पुढच्या वेळी दिसलं की सुऱ्याचा भास झालेला तो मुलगा आठवा.

आता ट्रॅक सोडून डोंगरात जाऊ. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात लेअर्ड नाइट यांनी ‘२४ अवर्स ऑफ कॅनन’ ही माउंटन बाइक शर्यत सुरू केली. कल्पना तीच जुनी, पाळीची. संघातला एक जण चिखला-दगडांतून एक फेरी मारून येतो, मग दुसरा निघतो. दिवसभर आणि रात्रभर. ज्या संघाच्या फेऱ्या जास्त, तो जिंकला.

१९९६ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड नावाच्या पठ्ठ्यानं गंमत केली. एकट्याला प्रवेश नव्हताच. मग यानं स्वतःचंच नाव चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं आणि चार जणांचा संघ म्हणून नोंदणी केली! चारही पाळ्या एकट्यानंच चालवल्या. त्यानंतर या शर्यतींत एकट्यासाठी वेगळा गट आला. बघा, १८९८ च्या कायद्यानं एकट्याला जोडीत आणलं होतं, आणि ९८ वर्षांनी एक माणूस नियमाची फट शोधून पुन्हा एकटा बाहेर पडला. पण फरक आहे. त्याला कोणी तिकीट लावून झोपेविना पळवत नव्हतं. तो स्वतःच्या हौसेनं आला होता.

आतापर्यंतचा संघ म्हणजे पाळी. दुसरी एक रीत आहे, ती म्हणजे जू. आपल्या विदर्भातल्या शंकरपटाचं उदाहरण घ्या. दोन बैल एका जुवाखाली धावतात. एक बैल कितीही पळणारा असला तरी दुसऱ्याला सोडून तो रेषा ओलांडू शकत नाही. म्हणून पटाचा शौकीन माणूस जोडी बघतो, नुसता एक बैल नाही.

१९९८ मध्ये आल्प्स ओलांडणारी ‘ट्रान्सआल्प’ ही जोड्यांची माउंटन बाइक शर्यत सुरू झाली, आणि २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ‘केप एपिक’. केप एपिक आठ दिवसांची असते. दोघांचा संघ आणि दोघांनीही पूर्ण अंतर कापायचं. इथे पाळी नाही. इथला प्रसिद्ध नियम दोन मिनिटांचा आहे. वाटेतल्या तपासणी नाक्यांवर दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर दिसलं की संघाला वेळेचा दंड, आणि वारंवार झालं तर संघ बाद. वेळ धरतात ती मागून येणाऱ्याची. एकानं शर्यत सोडली तर दुसरा पुढे चालवू शकतो, पण संघ म्हणून त्यांचा निकाल संपला.

हा नियम मला फार हुशारीचा वाटतो. डोंगरात माणूस दरीकडेला पडला, तर त्याला सगळ्यांत आधी कोण शोधणार? जोडीदारच. कारण मागे वळून बघणं त्याच्या स्वतःच्या फायद्याचं आहे. आयोजकानं “एकमेकांना जपा” असं भाषण द्यायची गरजच उरत नाही.

आता आपल्या माणसांकडे येऊ. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ म्हणजे रॅम, १९८२ मध्ये फक्त चार सायकलस्वारांपासून सुरू झालेली शर्यत. ही डोंगरी सायकलची नाही, रस्त्यावरची आहे, पण संघाच्या नियमांचा कस इथे चांगलाच लागतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर आणि घड्याळ एकदाही थांबत नाही. २०१५ मध्ये नाशिकचे दोन डॉक्टर भाऊ, हितेंद्र आणि महेंद्र महाजन, दोघांच्या संघातून उतरले. संघाला मर्यादा नऊ दिवसांची. त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पूर्ण केली. एकट्याला मर्यादा बारा दिवसांची. समर्थांना ११ दिवस २१ तासांच्या वर वेळ लागला. म्हणजे मर्यादा संपायला जेमतेम पावणेतीन तास उरले होते. दोन्ही पराक्रमच, कमी-जास्त करायचं कारण नाही. पण आकडे शेजारी ठेवले की १८९९ चा धडा पुन्हा दिसतो. पाळी असली की माणूस झोपतो, आणि झोपलेला माणूस जास्त वेगानं जातो.

महाराष्ट्रातही याचं रूप आहे. पुणे ते गोवा साधारण ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’. तिच्यात एकट्याचा गट आहे, तसे दोघांचे आणि चौघांचे संघही असतात.

आता परत पहिल्या प्रश्नाकडे. आपल्याकडे शर्यत ठेवायची तर समृद्धी महामार्ग विसरा, इंटरचेंज दारात असला तरी तिथे सायकलला बंदी आहे. आपल्याला पांदण रस्ते आहेत. पण पांदण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. एक पाऊस झाला की काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल ढकलायचीही नाही, खांद्यावर घ्यायची. मधल्या वावरात मोबाइलला रेंज नाही. कोणी पडलं तर फोन कोण करणार?

म्हणून माझं मत असं: अंतर कमी असेल, दिवसाचा उजेड असेल, तर जुवाचा नियम ठेवा. दोघं सोबत निघतील, दोघं सोबत येतील, वेळ मागच्याची. अंतर मोठं असेल, रात्र लागणार असेल, तर पाळी ठेवा आणि एका माणसानं जास्तीत जास्त किती वेळ चालवायचं हे आधीच कागदावर लिहा. “पोरं तयारीची आहेत, जमवतील” असं म्हणून सोडू नका. १८९६ मध्येही पोरं तयारीचीच होती.

आणि संघात सगळ्यांत हळू चालवणारा जो भाऊ किंवा बहीण असेल, त्याला ओझं म्हणू नका. जुवाच्या शर्यतीत घड्याळ त्याच्यावरच थांबतं. सराव त्याच्या वेगानं करा, पाणी त्याला आधी द्या, पुढे राहून त्याचा वारा अडवा. जिंकायचं असेल तर तोच रस्ता आहे.

तुमच्या गावात अशी शर्यत झाली असेल, तर वेळ कोणाची धरली होती ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला, आणि अधूनमधून मागे वळून बघत चला.