तगरचे कापड आणि बारिगाझाचा किनारा

मराठवाड्याला समुद्र नाही. आणि मराठी साहित्यातला समुद्र कोकणाने व मुंबईने आपसांत वाटून घेतला आहे. नांदेड-लातूरकडच्या वर्गांतून सागरी इतिहास शिकवायची वेळ आली की आपण सिंधुदुर्ग, कान्होजी आंग्रे, फार तर पोर्तुगीज इथवर जातो आणि हा विषय दुसऱ्या कोणाचा तरी आहे अशा अलिप्तपणे परत येतो. वास्तविक आपल्या प्रदेशातील दोन नगरांचा एक अतिशय जुना परकीय उल्लेख खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात आहे. ही नगरे म्हणजे पैठण आणि तेर. त्या पुस्तकाचे नाव ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याचे नाव आपल्यापर्यंत पोचलेले नाही. दहाव्या शतकातील जी हस्तलिखित प्रत आज हायडेलबर्ग येथे आहे, तिच्या आधाराने हा ग्रंथ आपण वाचतो.

पेरिप्लस म्हणजे किनारा धरून जाणाऱ्या जहाजांसाठी केलेले मार्गवर्णन. त्यात अलंकार नाहीत; परंतु सिंधूच्या मुखापासून नर्मदेच्या मुखापर्यंतचा भाग आला की लेखणीत भीती उतरते. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघालेली शिडाची जहाजे नैर्ऋत्य वाऱ्यावर या उत्तरेकडच्या किनाऱ्याला येत. जमीन दिसण्याआधी पाण्यावर साप दिसू लागले की किनारा जवळ आला असे समजायचे. कच्छच्या रणाला लेखक एइरिनोन म्हणतो. तिथे वाळूचे दांडे सरकते, आणि किनारा दृष्टीसही पडत नाही इतक्या लांबवर जहाज रुतते. पुढच्या आखातात जो ओढला गेला तो संपला, कारण तळाच्या धारदार खडकांवर नांगराचे दोर तुटतात. काळे, मोठे साप दिसले तर तोंड फिरवून खोल समुद्राकडे जावे. हिरवे, सोनेरी झाक असलेले लहान साप दिसले तर बारिगाझा, म्हणजे आपले भडोच, जवळ आले. सापांच्या रंगावरून दिशा ओळखणाऱ्या माणसाला आपण किती सहज भाबडा ठरवू! पण अरबी समुद्रात सागरी साप आहेत, आणि होकायंत्राच्या आधीच्या नाविकाला पाण्याचा रंग, गाळ आणि जीवजंतू यांवाचून दुसरे साधन कोणते होते?

खंबातच्या आखातात शिरल्यावरही सुटका नाही. नर्मदेच्या मुखाजवळचा किनारा इतका सखल, की अगदी जवळ जाईपर्यंत तो ओळखू येत नाही. भरती-ओहोटीतील अंतर इथे जगात गणले जाण्याइतके मोठे आहे. भरतीचे पाणी चालून येताना सैन्याच्या गर्जनेसारखा आवाज दुरून ऐकू येतो, असे लेखक सांगतो. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत. ते परकी जहाजांना दोरांनी ओढत, भरतीबरोबर वर नेत, ओहोटीत खोल डोहांत थांबवत आणि अशा टप्प्यांनी सुमारे तीनशे स्टेडिया, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, नदीतून भडोचला पोचवत. होड्यांची नावे ग्रीकात ‘त्रप्पग’ आणि ‘कोतिंब’ अशी आली आहेत. ‘अंगविज्जा’ या जैन प्राकृत ग्रंथातल्या नौकांच्या यादीत ‘तप्पक’ आणि ‘कोट्ठिंब’ भेटतात, हे कळल्यावर भाषेच्या विद्यार्थ्याने तरी क्षणभर थांबावे. लेखकाने किनाऱ्यावरची बोली कानांनी टिपली आहे. ‘प्रतिष्ठान’ असे संस्कृत रूप न देता तो ‘पैथान’ लिहितो; हे रूप प्राकृताच्या आणि आपल्या आजच्या उच्चाराच्या किती जवळचे आहे!

एवढी जोखीम कशासाठी? भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर ‘तगर’ हे फार मोठे शहर. पैठणहून गोमेदासारखे खडे, तर तगरहून भरपूर जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि ‘मोलोखिना’ नावाचे वस्त्र गाड्यांनी येते, असे लेखक नोंदवतो. तगर कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, तर रा. गो. भांडारकरांनी धारूर. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे दाखवून दिले आणि तेच मान्य झाले. तेर म्हटले की आपल्याला गोरोबाकाकाच आठवतात, ते योग्यच. पण त्यांच्याआधी हजार-बाराशे वर्षे तेरणेकाठी मागांचा आवाज असणार. शिवाय समुद्रकाठी राज्य करणारे कोकणचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. कोकणच्या राजांनी आपले मूळ तेरला सांगावे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे सापडणार?

तेरची उत्खनने, लामतुरे संग्रहालयातील मृण्मूर्ती, आणि पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी साम्य दाखवणारी तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती यांवर पुष्कळ लिहिले जाते. मला वाटते, या मूर्तीने आपले डोळे थोडे दिपवले आहेत. हस्तिदंत टिकतो म्हणून तो इतिहास होतो. कापड आपल्या काळ्या मातीत कुजते म्हणून विणकर इतिहासातून गळतात. कोरड्या हवेतले इजिप्तचे बेरेनिके बंदर खणले तेव्हा तिथे भारतीय सुती कापडाचे तुकडे निघाले. ते तेरचेच असे कोणी म्हणणार नाही, पण तगरच्या त्या ओळीचा अर्थ काय हे ते तुकडे दाखवतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पैठणहून समुद्र गाठायचा तर नाणेघाटाने उतरून कल्याण जवळ. मग माल उत्तरेच्या त्या भयंकर किनाऱ्याकडे का? पेरिप्लसमध्येच उत्तर आहे: कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षहरात नहपान आणि सातवाहन यांच्या झगड्यात व्यापाराची वाट राजाज्ञेने वळवलेली होती. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. त्या झगड्याचा निकाल चांदीत असा वाचता येतो. त्याची किंमत मात्र खलाशाने धुरकट पाण्यात आणि गाडीवानाने रस्त्यात मोजली.

त्या गाडीवानाला पुस्तकात वाट्याला आले ते एवढेच, की गाड्या मोठ्या, रस्ते नसलेल्या मुलखातून येतात. कोळ्यांच्या होड्यांना नावे आहेत, भरतीला आवाज आहे, सापांना रंग आहेत. बैलांना काहीच नाही. लेखक बंदरापुढे बहुधा आलाच नसावा. आपल्याला मात्र तर्क करता येतो, कारण ती जमीन आपली आहे. पावसाळ्यात काळ्या रानात गाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते. तेव्हा तेरहून गाड्या निघाल्या असतील त्या दसऱ्यानंतर, वाटा वाळल्यावर. आणि ईशान्येचे वारे धरून जहाजे परतायच्या आत त्यांना महिन्याभराची वाट तुडवून भडोचला पोचावे लागले असेल.