खेळणें आणि खोल समुद्र

सन २०२३ च्या १८ जून रोजीं ‘टायटन’ ही पाणबुडी ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यास अटलांटिकच्या तळाकडे गेली, ती परत आली नाहीं. आंतील पांचही जण मृत्यु पावले. ती पाणबुडी हांकीत, तो ‘लॉजिटेक’चा कंट्रोलर मूळचा मुलांच्या संगणकी खेळांसाठीं केलेला होता, हें ऐकून पुष्कळ लोक हंसले. तें हंसणें कितपत न्याय्य होतें, हें इतिहासास विचारणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

घरगुती साधनें सागराच्या पोटांत नेण्याची चाल नवी नव्हे. १५ ऑगस्ट १९३४ रोजीं विल्यम बीब व ओटिस बार्टन हे बर्म्यूडाजवळ पोलादी गोलांत बसून ३,०२८ फूट खालीं गेले, तेव्हां वरील जहाजाशीं त्यांचें बोलणें टेलिफोनवरूनच होई. त्यापूर्वीं, २२ सप्टेंबर १९३२ रोजीं, बीबचा असाच आवाज रेडिओनें लोकांच्या घरांत पोंचविला होता. पुढें २३ जानेवारी १९६० रोजीं जाक पिकार व डॉन वॉल्श हे ‘त्रिएस्त’मधून मेरियाना गर्तेच्या तळास टेकले. तेथें तार नव्हती. खाऱ्या पाण्यांत रेडिओच्या लहरी लवकरच विरतात. म्हणून शब्द ध्वनिरूपानेंच वर धाडावा लागे, व सुमारें सात मैल चढण्यास त्यास सात सेकंद लागत. ‘टायटन’ही ‘पोलर प्रिन्स’ जहाजास ध्वनिमार्गेंच त्रोटक मजकूर पाठवी.

अमेरिकन आरमारानेंही, २०१८ सालीं सेवेंत आलेल्या ‘कोलोरॅडो’ पाणबुडीवर, पेरिस्कोपच्या जागीं आलेला कॅमेऱ्यांचा स्तंभ फिरविण्यास ‘एक्सबॉक्स’चा कंट्रोलर घेतला. तो स्वस्त, बदलण्यास सोपा, आणि तरुण खलाशांच्या बोटांस आधींच सवयीचा. मात्र त्यानें पाणबुडीचा डोळा फिरतो. तिचा प्राण त्यावर टांगलेला नाहीं.

मग ‘टायटन’चा घात कोणीं केला? खेळण्यानें नव्हे. कार्बन-तंतूंचें तिचें कवच पाण्याच्या प्रचंड दाबाखालीं चिरडलें. त्या पाणबुडीस कोणत्याही स्वतंत्र वर्गीकरण-संस्थेचें प्रमाणपत्र नव्हतें. अमेरिकेच्या कोस्ट गार्डनें ऑगस्ट २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत ही दुर्घटना टाळतां येण्याजोगी होती असें म्हणून रचना, प्रमाणन, देखभाल व तपासणी ह्यांतील उणीवांवर बोट ठेवलें आहे.

आम्हीं वर्गांतही हेंच पाहिलें आहे : डोळ्यांस दिसणाऱ्या दोषावर हंसणें सोपें, न दिसणारा दोष शोधणें कष्टाचें. हातांतील साधन बिघडलें तर दुसरें जवळ ठेवतां येतें. पण माणसांच्या आणि समुद्राच्या मध्यें भिंत एकच असते. ज्यांनीं ती पारखून घेतली नाहीं, त्यांचा अपराध एका खेळण्याच्या माथीं मारून आपण मोकळे होणें योग्य नव्हे.