वेळ राखायची ती जमिनीवरच

गच्चीवर अँटेना बसवावी, तिला जीपीएसचा रिसीव्हर जोडावा, की मोबाइल टॉवर, सबस्टेशन आणि शेअर बाजाराचे सर्व्हर यांची घड्याळे आपोआप जुळतात, असे आज सर्रास मानले जाते. या मताच्या बाजूने तीन युक्तिवाद होतात. उपग्रहावर अणुघड्याळ असते, म्हणून तिथली वेळ अचूक. उपग्रह अनेक आहेत, म्हणून एक बिघडला तरी अडत नाही. आणि आता आपली ‘नाविक’ ही भारतीय उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा आहे, म्हणून परावलंबनही संपले. तिन्हींत तथ्य आहे. पण जमिनीवर चांगले घड्याळ राखण्याची गरज उरली नाही, हा निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

पहिला मुद्दा अचूकतेचा. रिसीव्हरला उपग्रहाकडून जीपीएसची स्वतःची वेळ मिळते. जागतिक प्रमाणवेळेत अधूनमधून वाढवले जाणारे लीप सेकंद तिच्यात धरलेले नसल्याने ती प्रमाणवेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. प्रमाणवेळ काढण्यासाठी लागणारी दुरुस्तीची माहिती उपग्रह वेगळी पाठवतो, आणि ती जमिनीवरच्या नियंत्रण केंद्रातून त्याच्याकडे गेलेली असते. 26 जानेवारी 2016 रोजी एक जुना उपग्रह ताफ्यातून काढताना या माहितीतच चूक शिरली. अणुघड्याळे ठीक होती, स्थाननिश्चितीही बिघडली नाही. तरी कळवलेली प्रमाणवेळ सुमारे 13 मायक्रोसेकंदांनी चुकली आणि ठिकठिकाणच्या दूरसंचार यंत्रणांत अलार्म वाजू लागले. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या 5जीच्या टीडीडी जाळ्याला वेळेतला फरक 1.5 मायक्रोसेकंदांच्या आत लागतो. म्हणजे ही चूक त्या मर्यादेच्या आठपटींहून मोठी होती. घड्याळ अचूक असणे वेगळे आणि आपल्यापर्यंत आलेली वेळ विश्वासार्ह असणे वेगळे.

दुसरा मुद्दा संख्येचा. वरच्या प्रसंगात एकच चुकीची माहिती अनेक उपग्रहांवरून प्रसारित होत होती. साक्षीदार वाढले, साक्ष एकच राहिली. मग जीपीएससोबत युरोपचे गॅलिलिओ घ्यावे, असे म्हणता येईल. अवश्य घ्यावे. पण जुलै 2019 मध्ये जमिनीवरच्या यंत्रणेतील बिघाडामुळे गॅलिलिओची सेवाच जवळपास आठवडाभर बंद होती. शिवाय दोघांचा एक मुख्य संदेश 1575.42 मेगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर येतो. वीस हजारांहून अधिक किलोमीटर अंतर कापून आलेला हा संदेश इतका क्षीण असतो, की तो रिसीव्हरच्या स्वतःच्या विद्युत-गोंगाटाखाली दबलेला असतो. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाची उपग्रहाधारित यंत्रणा 2012 मध्ये एका ट्रकमधल्या लहानशा जॅमरने विस्कळीत केली होती. असा जॅमर एकाच वारंवारतेवरचे सगळे उपग्रह एकदमच गप्प करतो.

तिसरा मुद्दा स्वदेशीचा. परक्या देशाच्या मर्जीवर विसंबू नये, हे खरेच. त्यासाठी नाविक हवेच. पण मालकी बदलल्याने भौतिकशास्त्र बदलत नाही. नाविकच्या पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे 2016-17 पर्यंत बंद पडली होती. 2023 मध्ये नाविकच्या एनव्हीएस-01 या उपग्रहावर भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ गेले, ही मोठी कमाई आहे. तरीही नाविकचा संदेशसुद्धा क्षीणच असतो आणि तोही दाबता येतो.

मग सिद्धांत काय? मुंबईच्या गिरणगावात लोक गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावत, पण दोन भोंग्यांमधली वेळ घड्याळच राखत असे. उपग्रहाचे काम भोंग्याचे आहे. संदेश तुटल्यावर वेळ धरून ठेवणे, ज्याला या धंद्यात होल्डओव्हर म्हणतात, ते स्थानिक रुबिडियम किंवा उत्तम क्वार्ट्झ ऑसिलेटरचे काम. ताडून पाहायला तिसरी, स्वतंत्र वाटही हवी, आणि ती फायबरची आहे. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘व्हाइट रॅबिट’ पद्धतीने फायबरवरून नॅनोसेकंदाहूनही कमी फरकाने घड्याळे जुळतात. भारतीय प्रमाणवेळ राखणारी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा दिल्लीत आहेच. तिची वेळ फायबरने देशभर नेणे अशक्य नाही.

हे सारे महागात पडेल, हा आक्षेप उरतो. तो काही अंशी खरा आहे. प्रत्येक टॉवरवर रुबिडियम घड्याळ परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. मुख्य केंद्रांवर ते ठेवावे आणि तिथून फायबरने वेळ पुढे वाटावी. यंत्रणा विकत घेताना मात्र एक चाचणी सक्तीची करावी. अँटेनाची केबल काढून ठेवायची आणि घड्याळ ठरलेल्या मर्यादेत किती तास टिकते ते मोजायचे. तो आकडा जो विक्रेता लेखी देत नाही, त्याची निविदा उघडूही नये.