माशाबरोबरची चिठ्ठी

आपण गळाने धरलेला मासा शेजाऱ्याला द्यायचा, तर त्याबरोबर सहीची चिठ्ठी द्यावी लागते, असे आमच्या कोकणातल्या एखाद्या आजीबाईला सांगून पाहावे. ‘मासा देताय की शेत?’ असे ती विचारल्यावाचून राहणार नाही. जाळ्यात चार मासे जास्त आले की दोन शेजारी जायचे. ताट झाकून परकराच्या ओच्याआड न्यायचे, आणि ते ताट रिकामे परत यायचे नाही, एवढाच काय तो तिचा कायदा.

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात मात्र अशी चिठ्ठी खरोखरच लागते. मासा धरणाऱ्याचे नाव, पत्ता, सही आणि परवान्याचा क्रमांक. ज्याला दिला त्याचे नाव. मासे कोणत्या जातीचे व किती. आणि कोणत्या तळ्यातून, नदीतून किंवा खाडीतून धरले, इतका मजकूर तीत हवा. कॅनडाच्या आंटेरिओ प्रांतात तर आणखी एक तऱ्हा आहे. मासा साफ करून, तुकड्या करून बर्फात घालून घरी न्यायचा असेल, तर तो कोणत्या जातीचा आणि नग किती, हे तपासनिसाला ओळखता आले पाहिजे. म्हणून तुकडीवर कातडीचा एक चांगला मोठा तुकडा राखावा लागतो. ज्या घरात मासा साफ करणे हे एकीचे काम आणि खाणे साऱ्यांचे, त्या घरातल्या बाईने हा नियम ऐकला तर ती कायदा करणाऱ्याला विळीवर बसवील!

हे सारे वाचून मला प्रथम हसू आले. पण ह्या चिठ्ठीचा वंशवृक्ष शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की तिच्यामागे फार मोठ्या नासाडीची कथा आहे.

मासेमारीवरचे जुने कायदे पाण्याच्या काठाशी थांबत. इंग्लंडात एलिझाबेथ राणी गादीवर आली त्याच सुमाराला, 1558 मध्ये, लहान मासे वाचवण्याचा एक कायदा झाला. सामन सोळा इंचांहून लहान धरू नये, ट्राउट आठ इंचांहून, पाइक दहा इंचांहून. जाळ्याचे डोळे अडीच इंचांचे असावेत. आपल्याकडे 1897 साली इंग्रज सरकारने केलेला मत्स्यकायदाही ह्याच जातीचा: पाण्यात सुरुंग लावू नका, विष कालवू नका. मासा एकदा टोपलीत पडला, की पुढे तो कोणाच्या घरी जातो ह्याची चौकशी असे कायदे सहसा करीत नसत. आणि करायची गरजही नव्हती. मेलेला मासा जातो तरी किती दूर? उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्याचा वासच त्याला परत पाठवतो.

हे गणित बर्फाने आणि आगगाडीने चुकवले.

अमेरिकेत पाणी आणि त्यातला जीव कोणा जमीनदाराचा नव्हे, साऱ्या लोकांचा, अशी समजूत होती. समजूत उदार, पण आगगाडी आल्यावर ‘सारे लोक’ म्हणजे हजार मैलांवरच्या शहरातले हॉटेलवालेही झाले. रानकबुतरांचे काय झाले ते प्रसिद्धच आहे. थव्याने आभाळ झाकणारा तो पक्षी पिंपांत भरभरून गाडीने शहरांत गेला, आणि त्या जातीतली शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात 1 सप्टेंबर 1914 रोजी मेली. एखाद्या राज्याने शिकारीवर बंदी घातली, तरी माल सीमेपलीकडे गेला की तेथे त्याची जन्मकथा विचारणारे कोणी नसे.

ह्यावर दोन उपाय निघाले. कनेक्टिकट राज्याने ठरवले, की आमच्या रानात मारलेले पक्षी राज्याबाहेर न्यायचेच नाहीत. गीअर नावाच्या माणसाने त्यावर वाद घातला. पक्षी मी रीतसर परवानगीच्या काळातले बाळगले, मग कोठेही नेईन. 1896 साली वरिष्ठ न्यायालयाने त्याला नाही म्हटले. रानातला जीव सर्व लोकांचा. राज्य तो मारू देते तेव्हा अटीही घालू शकते, आणि ती अट मेलेल्या पक्ष्याबरोबर चालत राहते. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. कायद्याने येथे प्रथमच काठ सोडला आणि तो टोपलीच्या मागे चालू लागला.

दुसरा उपाय आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी ह्यांचा. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा 1900 सालच्या मे महिन्यात झाला. एका राज्याचा नियम मोडून मारलेली शिकार दुसऱ्या राज्यात नेणे हा आता साऱ्या देशाविरुद्धचा गुन्हा ठरला. शिवाय पेटीवर पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि आत काय आहे ते बाहेरून वाचता येईल असे लिहिलेच पाहिजे. माशाबरोबरच्या आजच्या चिठ्ठीची ही पणजी, असे मी समजतो.

मासे अशा कायद्यात यायला आणखी सव्वीस वर्षे गेली. काळा बास हा तिकडच्या तळ्यांतला झुंजार मासा. गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाचा जीव की प्राण. 1922 साली शिकागोत अशा मंडळींनी आयझाक वॉल्टनच्या नावाने एक संघ काढला. वॉल्टन म्हणजे गळाच्या छंदावर 1653 मध्ये ग्रंथ लिहिणारा इंग्रज. ह्या संघाने बासच्या बाजूने रान उठवले, आणि 1926 मध्ये बेकायदा धरलेला बास राज्याबाहेर धाडण्यास बंदी झाली. 1952 पर्यंत सगळेच मासे त्यात आले, आणि 1981 मध्ये हा कायदा लेसीच्या कायद्यात मिसळून गेला.

कनेक्टिकटचा निकाल मात्र टिकला नाही, आणि तो उलटवला गळाला लावायच्या बारीक माशांनी! ह्यूज नावाचा टेक्ससचा व्यापारी असे मासे ओक्लाहोमात विकत घेऊन सीमेपलीकडे नेत होता. राज्यात विकायला परवानगी, बाहेर न्यायला नाही. त्याला दोनशे डॉलर दंड झाला. 1979 साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: वाहत्या पाण्यातला मासा राज्याच्या मालकीचा आहे ही निव्वळ कल्पना, मासे राखायचे तर राखा, पण परराज्याला तेवढा दरवाजा बंद, हे चालणार नाही.

आता देणगीकडे वळू. हौशी माणसाने धरलेले मासे विकू नयेत, असा नियम अमेरिकेत जवळजवळ सर्वत्र आहे. दिवसाला किती धरावे त्याची मर्यादा असते, आणि जवळ किती बाळगावे त्याची वेगळी. मिनेसोटासारख्या राज्यात घरच्या शीतपेटीतले मासेही ह्या दुसऱ्या हिशेबात धरतात. अशा ठिकाणी पळवाट एकच उरते, ती म्हणजे ‘दिले’ हा शब्द. विकले नाहीत हो, हॉटेलवाल्याला दिले. माझे नव्हेत हो, मेव्हण्याचे आहेत. चिठ्ठी ह्या मेव्हण्यासाठी आहे. दिलेला मासा घेणाऱ्याच्या हिशेबात जमा होतो, आणि तो कोणाच्या परवान्यावर, कोणत्या पाण्यातून आला ते कागदावर राहते. प्रामाणिक माणसाला ह्याचा जाच होतो, हे मी नाकारीत नाही. आमची आजीबाई तर पहिल्याच दिवशी दंडास पात्र ठरेल.

महाडजवळ वाळण कोंडीत मोठमोठे मासे आहेत. ते देवीचे, म्हणून कोणी धरीत नाही. तेथे चिठ्ठीही नाही आणि शिपाईही नाही. पण देवीचा मासा खायचाच नसतो. खायचा, वाटायचा आणि तरीही उरवायचा, हे काम त्याहून अवघड आहे.

इंग्लंडातही शेवटी कायदा काठ सोडून घरात शिरलाच. 1986 च्या सामन कायद्यात ‘संशयास्पद परिस्थितीत सामन हाताळणे’ हा गुन्हा आहे. चोरटा मासा आहे अशी शंका यायला हवी होती, तरी घेतला, की घेणाराही अडकला. ह्या कलमाच्या नावावर तिकडे आजतागायत विनोद चालतात. काळोखात कोटाआड सामन लपवून उभ्या असलेल्या गृहस्थाचे चित्र कोणाच्याही डोळ्यांपुढे येईल. पुढे गळाने धरलेला सामन विकण्यास स्कॉटलंडात 2002 मध्ये आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2009 मध्ये बंदी झाली. त्याच 2009 साली संशयास्पद हाताळणीच्या त्या कलमात ट्राउट, ईल आणि गोड्या पाण्यातले इतर मासेही घालण्यात आले.